'सरकारचा विचार करू नका' हा माझा सल्ला मी मागे घेतोय



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला. पंधरा मिनिटांत मंदी आणि महायुद्ध दोन्ही बसवायचं म्हणजे अर्ध्या किलोच्या डब्यात दोन किलो साखर भरण्यासारखं आहे. म्हणून उरलेलं इथे लिहितोय. चहा घेऊन बसा, जरा लांब आहे.

सुरुवात कबुलीने करतो. तीन वर्षांपूर्वी एका बॅचमध्ये मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "धंदेवाल्यानं सरकारचा विचार करायचा नाही. सरकारं येतात, जातात. आपण आपला गल्ला सांभाळायचा." टाळ्या पडल्या. त्या वाक्याचा छोटा व्हिडिओ अजून फिरतोय.

मग मागच्या महिन्यातल्या बॅचमध्ये मसाला-पापडाचा धंदा करणाऱ्या एका ताईंनी हात वर केला. म्हणाल्या, "सर, गल्ला मी सांभाळते. पण गल्ल्यातले पैसे जिथे ठेवते तेच बंद पडलं तर?"

मी काहीतरी उत्तर दिलं आणि पुढे गेलो. पण रात्री झोप लागेना, कारण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच घरात आहे.

मी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अण्णांचं भांड्यांचं दुकान, जे आज मी चालवतो. रोज संध्याकाळी पिग्मीवाला यायचा, अण्णा दिवसाच्या विक्रीतून तीनशे-चारशे बाजूला काढून द्यायचे. वर थोडी मुदत ठेव. सगळं एकाच पतसंस्थेत, कारण चेअरमनपासून शिपायापर्यंत सगळे ओळखीचे. एक दिवस सकाळी त्या पतसंस्थेचं शटर अर्ध्यावर आणि बाहेर शंभरेक माणसं. अण्णांचे सव्वादोन लाख आत. पुढच्या महिन्यात दिवाळी, माल उचलायचा होता. होलसेलवाल्यानं जुन्या ओळखीवर निम्मा माल दिला, बाकीची दिवाळी रिकाम्या फळ्यांवर गेली. पैसे पुढे तुकड्या-तुकड्यांनी आले, सगळे आले नाहीत.

आता सांगा, अण्णांची धंद्यात चूक काय होती? मार्जिन बरोबर, उधारी आटोक्यात, बचत रोजची. मी आज बॅचमध्ये जे जे शिकवतो ते सगळं ते करत होते. तरी दुकान वाकलं.

म्हणून मी त्या काळाकडे परत गेलो, जिथे ही गोष्ट एका गावात नाही, एका अख्ख्या देशात झाली. अमेरिका, १९२९ ते १९४५. कॉलेजात हा धडा होता, पण आम्ही तो पाच मार्कांसाठी वाचला होता. दुकानदार म्हणून आता वाचला.

रांग कशी लागते

सगळ्यांना शेअर बाजाराचं माहीत असतं. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळला. सप्टेंबर १९२९ मध्ये डाऊ जोन्सचा आकडा ३८१ होता, जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर आला. पण शेअर घेणारे लोक त्या वेळी थोडेच होते. सामान्य माणसाचं कंबरडं मोडलं ते बँकांनी. १९३० ते १९३३ या काळात तिथल्या सुमारे ९,००० बँका बुडाल्या.

त्यातली एक ऐका. न्यूयॉर्कमधली 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स'. नावावरून वाटतं सरकारी बँक, होती खासगी. ठेवीदार जवळपास ४ लाख, त्यात बाहेरून आलेले ज्यू कामगार, कपड्यांच्या कारखान्यांतले लोक, छोटे दुकानदार भरपूर. ११ डिसेंबर १९३० ला ती बंद झाली. ठेवींना विमा नव्हता. बँक गेली की तुमचा पैसा वसुलीच्या रांगेत उभा.

याचा परिणाम फक्त त्या ठेवीदारांवर झाला असता तर निभावलं असतं. पण शेजारच्या बँकेच्या ठेवीदारानं ते पाहिलं आणि तोही काढायला गेला. त्याच्या मागे त्याचा मेहुणा. बँकेनं पैसे परत करायचे म्हणून दिलेली कर्जं वसूल करायला घेतली, नवी देणं बंद केलं. कर्ज बंद म्हणजे दुकानदाराचा माल बंद. माल बंद म्हणजे कारखान्याची ऑर्डर बंद. ऑर्डर बंद म्हणजे कामगार घरी. आणि घरी बसलेला कामगार हाच त्या दुकानदाराचा गिऱ्हाईक!

१९३३ पर्यंत दर चार कामगारांपैकी एक बेकार होता. भाव २५ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. आपल्याला वाटतं स्वस्ताई चांगली. दुकानदाराच्या बाजूनं बघा. शंभरला घेतलेला माल नव्वदला विकायचा, तोही उद्या ऐंशीला जाईल या भीतीनं गिऱ्हाईक थांबलेला, आणि बँकेचा हप्ता मात्र जुन्याच आकड्याचा.

इथे मला माझाच दुसरा लाडका सल्ला बोचतो. "मंदीत खर्च कापा." एका दुकानाला हा सल्ला शंभर टक्के बरोबर. पण बाजारातल्या प्रत्येकानं एकाच दिवशी खर्च कापला तर? माझा खर्च ही तुमची विक्री असते. तुमचा खर्च ही माझी. रांगेत उभा असलेला एकही माणूस मूर्ख नव्हता. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणा होता आणि सगळे मिळून बुडत होते. अशा वेळी कुणीतरी लागतो जो रांगेत उभा नाही. इतका मोठा माणूस बाजारात एकच असतो. त्याला सरकार म्हणतात.

एक रविवार संध्याकाळ

राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना लोक 'काहीच केलं नाही' म्हणून नावं ठेवतात. ते पूर्ण खरं नाही. मोठ्या बँकांना आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारी सरकारी संस्था त्यांच्याच काळात, १९३२ च्या सुरुवातीला उभी राहिली. पण १९३० मध्ये हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी 'करू नका' असं लिहून देऊनही त्यांनी आयात कर वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली. आणि १९३२ मध्ये, बाजार गाळात असताना, कर वाढवले. मदत वरून सुटली, खालपर्यंत पोचली नाही.

४ मार्च १९३३ ला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी शपथ घेतली. तोपर्यंत बहुतेक राज्यांत बँका एक तर बंद होत्या, नाही तर पैसे काढण्यावर मर्यादा होत्या. ६ मार्चला त्यांनी देशातल्या सगळ्या बँकांना सुट्टी दिली. ९ तारखेला एकाच दिवसात बँकांचा कायदा मंजूर झाला. तपासणी करून ज्या बँका धडधाकट आहेत त्याच आधी उघडायच्या, ज्या नाहीत त्या नाहीत.

आणि १२ मार्चला, रविवारी रात्री, ते रेडिओवर बोलले. मी त्या भाषणाचा मजकूर वाचलाय. विरोधकांवर आरोप नाहीत, मोठे शब्द नाहीत. बँक म्हणजे काय हेच त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. तुम्ही ठेवलेला पैसा तिजोरीत पडून नसतो, तो कर्जात, रोख्यांत फिरत असतो, म्हणून सगळ्यांनी एकदम मागितला तर कुठलीच बँक देऊ शकत नाही. उद्यापासून ज्या बँका उघडतील त्या तपासून उघडतील. गादीखाली ठेवण्यापेक्षा तिथे ठेवणं जास्त सुरक्षित आहे.

दुसऱ्या दिवशी बँका उघडल्या. पुन्हा रांगा लागल्या, पण या वेळी पैसे भरायला. लोकांनी भीतीनं काढून ठेवलेल्या रोकडीतली निम्म्याहून जास्त दोन आठवड्यांत परत आली. १५ मार्चला शेअर बाजार उघडला तो एका दिवसात १५ टक्के वर गेला.

बँकेत नवा पैसा कुठून आला? तोच होता, गादीखालचा. हललं होतं ते विश्वासाचं पारडं. आपण गिऱ्हाईकाला 'माल खराब निघाला तर परत आणा' म्हणतो ना, तसंच. ते वाक्य कामी येतं, कारण मागे दुकान उभं असतं. रूझवेल्टच्या बोलण्यामागे तपासणी होती, कायदा होता. नुसतं गोड बोलून रांग वळली नसती.

विमा कुणी मागितला

आता खरी गंमत. ठेवींचा विमा ही त्या काळातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट, पण ती रूझवेल्टना सुरुवातीला नको होती. बँकांच्या मोठ्या संघटनेनंही विरोध केला. त्यांचं म्हणणं, चांगल्या बँकेनं वाईट बँकेचा खर्च का उचलायचा? विम्यामागे जोर लावला तो अलाबामाचे खासदार हेन्री स्टीगल यांच्यासारख्यांनी, जे छोट्या गावांतल्या छोट्या बँकांची बाजू मांडत होते. आणि ज्यांचे पैसे बुडाले होते अशा सामान्य लोकांचा रेटा होता.

जून १९३३ मध्ये कायदा झाला. १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराला २,५०० डॉलरपर्यंत विमा मिळू लागला, त्याच वर्षी ती मर्यादा ५,००० झाली. आणि १९३४ मध्ये विमा असलेल्या किती बँका बुडाल्या? नऊ. आधी हजारांनी बुडत होत्या.

आपल्याकडे हे यायला १९६२ साल उजाडलं. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि केरळातली पलई सेंट्रल बँक बुडाल्यावर आपलं सरकार जागं झालं. आज बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, एका ठेवीदारामागे एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली. पण पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मी बीबीए करत होतो, मलाही माहीत नव्हतं. पिग्मीवाल्यालाही माहीत नसावं, कारण त्याचे स्वतःचे पैसे पण तिथेच होते.

ताईंना मी हे उत्तर द्यायला हवं होतं.

निळा गरुड आणि ब्रुकलिनच्या कोंबड्या

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, हा गडी आता सरकारचा भाट झाला. थांबा. त्याच जून १९३३ मध्ये त्याच सरकारनं दुसरा एक कायदा केला. प्रत्येक धंद्यानं एकत्र बसून आपली नियमावली लिहायची. कमीत कमी मजुरी किती, कामाचे तास किती, कुणी भाव पाडायचा नाही. जो मान्य करेल त्याला दुकानाच्या काचेवर लावायला निळ्या गरुडाचं चित्र. गिऱ्हाईकांनी गरुड बघूनच खरेदी करावी असा प्रचार. ५०० हून जास्त नियमावल्या तयार झाल्या.

हेतू वाईट नव्हता. मजुरी वाढली तर गिऱ्हाईकाच्या खिशात पैसा येईल, हे गणित मला पटतं. लहान मुलांना कारखान्यात राबवणं थांबवायचं होतं, तेही योग्य. पण नियमावली लिहायला टेबलावर कोण बसलं? ज्यांच्याकडे वकील होते, संघटना होती, वॉशिंग्टनला जायला वेळ होता ते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दुकान बंद करून जायला परवडतं का? १९३४ मध्ये प्रसिद्ध वकील क्लॅरेन्स डॅरो यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमलं, त्यानंही हेच सांगितलं की नियमावल्या मोठ्यांच्या सोयीच्या झाल्यात.

परिणाम बघा. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीमध्ये एका शिंप्याला तशाच राज्य नियमाखाली ३० दिवसांची कैद आणि १०० डॉलर दंड झाला. गुन्हा? सूट इस्त्री करायचे ४० सेंट ठरले होते, त्यानं ३५ घेतले. ओरड झाल्यावर काही दिवसांत सोडलं, पण विचार करा. छोट्या माणसाकडे मोठ्याशी लढायला पाच सेंटची सवलत हेच एक हत्यार असतं, आणि तेच गुन्हा ठरलं.

ब्रुकलिनमध्ये शेख्टर नावाचे भाऊ कोंबड्यांचा होलसेल धंदा करायचे. त्यांच्यावर खटला झाला. आरोपांत मजुरी-तासांचे होते, खराब कोंबडी विकल्याचा होता. आणि एक होता की गिऱ्हाईकाला पिंजऱ्यातून हवी ती कोंबडी निवडू दिली! नियम असा, की हात घालून जी येईल ती घ्यायची. सर्वोच्च न्यायालयात हे समजावून सांगताना हशा पिकला म्हणतात. २७ मे १९३५ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला की हा कायदाच घटनेत बसत नाही. कायदे करायचा अधिकार संसदेनं असा मोकळा सोडून राष्ट्राध्यक्षांच्या हाती देता येत नाही, आणि गल्लीतल्या धंद्यावर दिल्लीतून, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनमधून, इतका हात घालता येत नाही.

कोंबडीवाल्यांनी अख्खी योजना खाली आणली. मला हे फार आवडतं.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी होईल. त्यातला चांगला भाग नंतर नीट कायद्यानं परत आला. १९३५ मध्ये कामगारांना संघटना करायचा हक्क, १९३८ मध्ये ताशी २५ सेंट किमान मजुरी आणि बालमजुरीवर बंधन. आणि १९३६ मध्ये छोट्या दुकानदारांच्या रेट्यामुळे एक कायदा आला. मोठ्या साखळी दुकानांना होलसेलवाले जी गुपचूप जादा सूट द्यायचे तिला त्यानं चाप लावला. त्या वेळी 'ए अँड पी' या किराणा साखळीची हजारो दुकानं होती. आज आपण ऑनलाइनवाल्यांच्या सुटीबद्दल जे बोलतो ते त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी संसदेत नेऊन मांडलं होतं. त्या कायद्यानं गिऱ्हाईकाचा तोटा झाला असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं अगदीच फोल नाही. माझा मुद्दा एवढाच, की दुकानदार या वेळी टेबलावर होते.

दोन गल्ल्यांचं दुकान

"मग मंदी सरकारनं संपवली का?" हा प्रश्न व्हिडिओखाली येणारच. प्रामाणिक उत्तर: १९३३ नंतर सुधारणा झाली, पण पूर्ण नाही. १९३७ मध्ये रूझवेल्टना वाटलं आता झालं, हिशेब जुळवू. खर्च कापला, पगारातून निवृत्तिवेतनाचा नवा कर कापायला सुरुवात झाली होती, मध्यवर्ती बँकेनंही हात आखडला. लगेच पुन्हा घसरण. १९३८ मध्ये बेकारी पुन्हा १९ टक्क्यांच्या घरात. तापातून उठलेल्याला लगेच पोतं उचलायला लावलं.

शेवटी बेकारी संपवली ती युद्धानं. १९४० मध्ये १४ टक्क्यांहून जास्त असलेली बेकारी १९४४ मध्ये १.२ टक्के. याचा आनंद मानायचा नाही. सरकारनं मोठ्या प्रमाणात खरेदी केली की कारखाने चालतात, हे १९३३ मध्येही खरंच होतं. शाळा-रस्त्यांसाठी जी रक्कम जास्त वाटत होती ती रणगाड्यांसाठी कुणाला जास्त वाटली नाही, हे मात्र मला खटकतं.

युद्धातलं दुकान कसं चालायचं हे वाचून मी थक्क झालो. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचं उत्पादनच बंद. आधी टायर, मग साखर, कॉफी, १९४३ मध्ये मांस, लोणी, डबाबंद वस्तू, सगळं रेशनवर. गिऱ्हाईकाला पैसे द्यायचे आणि पुस्तकातला स्टॅम्पही द्यायचा. मांस-लोण्याला लाल, डबाबंद मालाला निळा. दुकानदारानं ते स्टॅम्प जमवून होलसेलवाल्याकडे द्यायचे, तेव्हा नवा माल. म्हणजे गल्ले दोन, एक पैशांचा, एक स्टॅम्पांचा, आणि दोन्ही रात्री जुळले पाहिजेत. वर भावाची मर्यादा. एप्रिल १९४२ च्या हुकुमानुसार मार्च १९४२ मध्ये तुमचा जो सर्वांत जास्त भाव होता तोच कमाल भाव. ज्या बिचाऱ्यानं महाग खरेदी करूनही भाव वाढवला नव्हता तो चेमटला गेला.

आपल्या मुंबईतही १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग आलं. आजी-आजोबांच्या पिढीला या जाचाची कल्पना होती.

मग तिथे हे चाललं कसं? काळा बाजार झाला, नाही असं नाही. पण डोलारा टिकला. कारण साडेपाच हजारांच्या आसपास स्थानिक मंडळं होती आणि त्यांत बहुतेक गावातलेच लोक विनापगारी काम करायचे. १९४३ मध्ये या खात्याचा प्रमुख झाला चेस्टर बोल्स, मूळचा जाहिरात कंपनीवाला. त्यानं व्यापाऱ्यांच्या सल्लागार समित्या कामाला लावल्या आणि नियम सोपे केले. 'तुमचा मार्चचा भाव काय होता ते शोधा' याऐवजी गावातल्या दुकानांसाठी छापील भावपत्रक. गिऱ्हाईकालाही वाचता येईल असं. नियम तोच, पण दुकानदाराला विचारून केला की पाळता येतो.

तरीही मोठ्यांचं पारडं जडच. युद्धातली मुख्य सरकारी कंत्राटं बघा, किमतीच्या हिशेबानं सुमारे दोन तृतीयांश फक्त १०० कंपन्यांकडे गेली. छोट्या कारखान्यांसाठी १९४२ मध्ये वेगळं महामंडळ काढलं, पण घास मोठ्यांनी आधीच उचलला होता.

ओकलंडचं ते दुकान

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहिला तिथे येतो.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एका जपानी वंशाच्या कुटुंबाचं किराणा दुकान होतं. मालक अमेरिकेतला, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर. ७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी या माणसानं दुकानावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, की मी अमेरिकन आहे. डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी मार्च १९४२ मध्ये त्या पाटीचा फोटो काढला. नेटवर सापडेल, जरूर बघा. फोटो काढला तेव्हा दुकान बंद पडलेलं होतं.

१९ फेब्रुवारी १९४२ ला रूझवेल्टनी हुकूम काढला. हो, तेच रूझवेल्ट, रविवारच्या रेडिओवाले. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरातून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत नेलं. त्यातले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक. गुन्हा नाही, खटला नाही. हातात मावेल तेवढंच सामान. दुकान, शेत, बोट, फ्रीज, जे असेल ते आठवड्याभरात, समोरचा देईल त्या भावात विकायचं. आणि समोरचा कोण? बऱ्याचदा शेजारी. भाजीपाला पिकवणाऱ्या गोऱ्या बागायतदारांच्या एका संघटनेनं तर उघड सांगितलं होतं की हे लोक गेले तर आम्हाला हवंच आहे. देशभक्तीच्या आडून स्पर्धक संपवला.

१९४४ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोंबडीवाल्यांच्या वेळी नऊ विरुद्ध शून्य मतांनी सरकारला थांबवणाऱ्या न्यायालयानं या वेळी सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू घेतली. माफी मिळाली १९८८ मध्ये, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर. छेचाळीस वर्षांनी! तोपर्यंत किती दुकानदार गेलेले असतील.

हेच काळ्या लोकांचं. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण, घर आणि धंद्याच्या कर्जाची हमी देणारा कायदा १९४४ मध्ये आला. लाखोंचं आयुष्य घडलं. पण कर्ज शेवटी गावातली बँकच देणार. मिसिसिपी राज्यातल्या १३ शहरांत १९४७ पर्यंत अशी हमीची ३,२२९ कर्जं दिली गेली, त्यातली काळ्या सैनिकांना मिळाली दोन. कायद्यात रंगाचा शब्द नव्हता. काउंटरवर होता.

मग माझं म्हणणं काय

'सरकारवर भरोसा ठेवू नका' म्हणणारे त्या शिंप्याचं आणि ओकलंडच्या दुकानाचं उदाहरण देतील. 'सरकारच वाचवतं' म्हणणारे मार्च १९३३ चं. दोघंही खरं बोलतायत, कारण सरकार तेच, माणूसही तोच. मग दुकानदारानं काय धरायचं?

माझ्यापुरतं मी हे धरलंय. कुठल्याही नियमाकडे बघताना दोन प्रश्न विचारायचे. हा नियम लिहिताना टेबलावर कोण होतं? आणि नियम चुकला तर आपली दाद ऐकायला कुणी आहे का? ठेवींच्या विम्यात छोट्यांचा आवाज होता, तो टिकला. निळ्या गरुडात नव्हता, तो पडला. रेशनमध्ये विचारलं गेलं तेव्हा ते चाललं. आणि ओकलंडच्या माणसाला ना टेबल मिळालं, ना दाद.

म्हणून 'सरकारचा विचार करू नका' हा सल्ला मी मागे घेतो. त्याऐवजी ही चार कामं करा, याच आठवड्यात.

१. तुमचे पैसे कुठे आहेत ते कागदावर लिहा. बँक की पतसंस्था? विमा आहे का? एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या वर जात असेल तर वाटून ठेवा. पिग्मी चांगली सवय आहे, पण ती कुठे जमा होते ते विचारा. विचारलं तर पिग्मीवाला रागावणार नाही.

२. एक महिन्याच्या मालाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. अण्णांकडे ते असते तर ती दिवाळी तशी गेली नसती.

३. व्यापारी संघाच्या बैठकीला जा. कंटाळवाणी असते, मला माहितीये. पण नगरपालिका असो वा राज्य, मसुदा निघतो तेव्हा 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. आपण व्हॉट्सॲपवर शिव्या देतो आणि मुदत संपू देतो. एक साधं पत्र लिहा. मराठीत, चार ओळींत.

४. कधी तुमच्या बाजारातल्या एखाद्या दुकानदाराला त्याच्या धंद्यामुळे नाही, नावामुळे त्रास होऊ लागला, आणि त्याचा गाळा स्वस्तात मिळतोय असा निरोप तुम्हाला आला, तर तो फोटो आठवा. तो गाळा घेऊ नका. हा सल्ला धंद्याचा नाही असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, आहे. ज्या बाजारात एका दुकानाची पाटी अशी उतरते, त्या बाजारात कुठलीच पाटी पक्की नसते.

परवा अण्णांना हा लेख वाचून दाखवला. आता बहात्तरचे आहेत, तरी संध्याकाळी गल्ल्यावर बसतात. सगळं ऐकून म्हणाले, "त्या रांगेत मी उभा होतो तेव्हा वाटत होतं, फक्त आपलंच चुकलं." मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्या पापडवाल्या बाईंना फोन केलास का?"

केला. ताईंनी खातं तपासलंय. तुम्हीही तपासा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय: उधारीची वही आणि ओळखीचे लोक.